सोळाचा पडतो म्हणून बत्तीसचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरव्हॅनमधून कोकण फिरण्यावरचा लेख वाचला. फोटो झकास होते. गाडीतले पलंग, शेगडी, संडास, छतावरचा एसी, सगळ्याचं वर्णन आलं. रात्री ही गाडी ज्या प्लगला जोडायची, त्या प्लगाबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. कुठेही गेलो तरी माझी नजर आधी बोर्डाकडे जाते, त्याला इलाज नाही. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण अर्थिंगचा परिच्छेद तेवढा शाबूत ठेवा.

माझ्या पुतण्याने मोठी व्हॅन घेऊन तिची कॅरव्हॅन करून घेतली आहे. छतावर दीड टनाचा एसी. इन्व्हर्टर एसी नव्हे, साधा, जुन्या पद्धतीचा. चालू असताना तो आठ-एक अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडून लाईन तोडणारा खटका), म्हणजे हिशेबाला भरपूर जागा. मे महिन्यात आम्ही सगळे सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत एका ठिकाणी उतरलो होतो. ‘कॅरव्हॅनसाठी वीज व पाणी’ अशी पाटी होती. वीज म्हणजे काय, तर मागच्या स्वयंपाकघरातला पॉवर प्लग आणि तिथून आणलेलं तीस मीटर केबलचं एक रीळ. गाडी प्लगापासून जेमतेम पंधरा पावलांवर उभी होती, त्यामुळे निम्म्याहून जास्त केबल रिळावरच गुंडाळलेली.

दुपारभर एसी छान चालला. दिवेलागणीनंतर गाडी गार झाली, थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर बंद केला. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू व्हायला गेला तेव्हा नुसता घुरघुरला, दिवे मंद झाले आणि काही सेकंदांत एमसीबी पडला. वर केला, पुन्हा घुरघुर, पुन्हा पडला. यजमान भला माणूस, त्याने लगेच गावातल्या वायरमनला बोलावलं. वायरमन आला, पाच मिनिटं बघितलं आणि खिशातून नवा एमसीबी काढत म्हणाला, “बत्तीसचो घालूया, मगे पडाचो नाय.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बत्तीसचा पडला नसता. आक्षेप आहे तो नेमका त्यालाच.

एमसीबीच्या पोटात दोन वेगळ्या यंत्रणा असतात, हे मी वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर एमसीबी कापून दाखवत आलो. एक असते दोन धातूंची पट्टी. जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की ती तापते, वाकते आणि खटका सोडते. दुसरी असते तारेची कॉइल. शॉर्ट झाला, प्रवाह एकदम कितीतरी पटींनी उसळला की ती क्षणात खटका ओढते. आपल्याकडे एसीला सर्रास ‘सी’ कर्व्हचा एमसीबी लावतात, त्याची कॉइल रेटिंगच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान काम करते. त्यामुळे एमसीबी पडतो कधी, हे पाहिलं की निम्मं निदान होतं. दांडा वर करताक्षणी फट्‌कन पडला, तर शॉर्ट शोधा. पाच-दहा सेकंद घुरघुरून पडला, तर कॉम्प्रेसर अडकतोय. अर्धा तास नीट चालून मग पडला, तर कुठेतरी उष्णता साठतेय. आणि एमसीबी जागेवर असून शेजारचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा खटका, पडला, तर ते प्रकरण पूर्ण वेगळं. तिथे प्रवाह जमिनीकडे गळतोय. कॅरव्हॅनवाले या सगळ्याला सरसकट ‘एसी ट्रिप मारतोय’ म्हणतात आणि सगळ्यावर एकच औषध मागतात.

आमचा एमसीबी घुरघुरून पडत होता. मी वायरमनला म्हटलं, जरा थांब, आधी व्होल्टेज बघू. नुसत्या प्लगवर, काही न जोडता, २०५ व्होल्ट. मे महिना, संध्याकाळ, आजूबाजूच्या सगळ्या निवासांत एसी सुरू, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. मग मीटर गाडीच्या आतल्या बोर्डावर लावून एसी सुरू करायला सांगितला. कॉम्प्रेसरने उचल घ्यायला सुरुवात केली आणि काटा १७० च्याही खाली आला. (माझं मीटर काट्याचंच आहे. पुतण्या हसतो, हसू दे.)

हे ३५-४० व्होल्ट गेले कुठे? रिळावरच्या केबलवर १ चौ. मिमी असं स्पष्ट छापलेलं होतं. एवढ्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साडेएकोणीस ओहमच्या आसपास असतो. तीस मीटर जायचे आणि तीस यायचे, म्हणजे सव्वा ओहमच्या थोडं खाली. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या चार-पाच पट ओढतो. तीस अँपिअर धरले तरी केबलनेच ३५ व्होल्ट खाल्ले. उरलेल्या व्होल्टेजमध्ये मोटरला फिरण्याइतका जोर मिळत नाही. ती अडून राहते, आणि अडलेली मोटर तो क्षणभराचा प्रवाह सतत घेत बसते. सोळाच्या एमसीबीने तीस अँपिअर काही सेकंद सोसले आणि मग लाईन तोडली. त्याचं काम त्याने चोख केलं.

आता तिथे बत्तीसचा बसवला असता तर? एमसीबीचं मानक असं की रेटिंगच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीला तासाभरात पडायचंच. बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत ढिम्म हलत नाही. म्हणजे मोटर अडलेली, तीस अँपिअर वाहतायत, केबल जेमतेम दहा-बारा अँपिअरच्या लायकीची, तीही रिळावर थरांवर थर गुंडाळलेली, आणि तोडणारा कोणी नाही. कॉम्प्रेसरमधला स्वतःचा ओव्हरलोड खटका वेळेवर सुटला तर नशीब. नुसत्या दहा अँपिअरलासुद्धा त्या केबलमध्ये शंभरहून जास्त वॉट उष्णता तयार होते. मी रिळाला हात लावला तेव्हा बाहेरचे वेढे कोमट होते, आतल्या थरात बोट घातलं तर चटका बसला. वायरमनला त्याच ठिकाणी बोट घालायला लावलं. पुढे बत्तीसचा विषय त्याने काढला नाही.

केबल पूर्ण उलगडली. रोध त्याने बदलत नाही, पण उष्णता तरी निघून जाते. मग मीटररूमच्या बोर्डापासून ४ चौ. मिमीची वीस मीटर केबल थेट गाडीपर्यंत टाकली. ती यजमानाकडे पंपासाठी आणलेली पडूनच होती. आता सुरू होताना पडझड सात-आठ व्होल्टांची. कॉम्प्रेसरने उचल घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जेवायला बसले, आणि पाऊणएक तासाने एमसीबी पुन्हा पडला.

या वेळी घुरघुर नव्हती. नीट चालता चालता पडला, म्हणजे पट्टी तापून. क्लॅम्प मीटरवर प्रवाह तर आठच्या घरात. मग उष्णता बाहेरून येत होती. गाडीचा प्लग काढला आणि बोर्डाचं झाकण उघडलं. इथे एक सांगतो: नुसता एमसीबी खाली करून आत हात घालू नका, गाडीचा प्लगच उपसून काढा. कारण पुढे येईल.

एसीच्या एमसीबीचं खालचं टर्मिनल बघण्यासारखं होतं. एमसीबीचा पांढरा प्लास्टिकचा ओठ त्या कोपऱ्यात चहाच्या डागासारखा पिवळा-तपकिरी झाला होता. शेजारच्या वायरीचं इन्सुलेशन बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन चिरलेलं. वायर बारीक तारांची, मऊ जातीची, आणि ती लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) न दाबता तशीच पिळून खोबणीत खुपसलेली. स्क्रूखाली निम्म्याच तारा आल्या होत्या, बाकीच्या बाजूने बाहेर पसरलेल्या, टोकांना काळ्या. पेचकस लावला तर स्क्रू जवळपास पाऊण फेरा सैल. घरातला बोर्ड भिंतीवर स्थिर असतो. हा बोर्ड गगनबावड्याचा घाट उतरून आला होता, आणि त्याआधी वर्षभर आपल्या रस्त्यांवर हादरे खात होता. स्क्रू सैल होणारच. सैल सांध्यात रोध वाढतो, सांधा तापतो, ती उष्णता तांब्यातून सरळ एमसीबीच्या पट्टीत शिरते आणि पट्टीला वाटतं, प्रवाह वाढलाय. त्यात बोर्ड बसवलेला शेगडीच्या वरच्या बंद कपाटात. एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाला धरलेलं असतं. पन्नास अंशांच्या कपाटात सोळाचा एमसीबी पुरता सोळाचा राहत नाही, आधीच सुटतो.

वायर भाजलेल्या भागापर्यंत कापली, लग दाबली, एमसीबी बदलला. नवा सोळाचाच, ‘सी’चाच, फक्त डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. शेगडीवरच्या कपाटातून बोर्ड हलवायचं काम पुतण्याने घरी आल्यावर केलं. जाता जाता छतावर चढून एसीची उष्णता बाहेर टाकणारी कंडेन्सर कॉइलही पाहिली. पंखांच्या फटींत सुरूची पानं आणि धूळ यांचा थर. कंडेन्सर गुदमरला की कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं आणि प्रवाह चढतो. तो थर ब्रशने काढला तेव्हा प्रवाह अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्तच उतरला. आणि एसी पडल्यावर लगेच दांडा वर करायची घाई करू नका, निदान तीन मिनिटं जाऊ द्या. आतल्या वायूचे दोन्हीकडचे दाब समान होईपर्यंत कॉम्प्रेसर भरल्या दाबावर सुरू होऊ शकत नाही. चांगला स्टॅबिलायझर हे तीन मिनिटांचं काम आपोआप करतो.

आता अर्थिंग. आम्ही उतरलो त्याच दुपारी पुतण्याची मुलगी आंघोळ करून ओल्या पायांनी गाडीच्या पायरीशी आली आणि दाराची मूठ धरल्यावर “आजोबा, मुंग्या येतायत” म्हणाली. मी तिला आधी बाजूला घेतलं आणि प्लग काढायला लावला. स्वयंपाकघरातला तो सॉकेट उघडला, तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. पितळी टर्मिनल कोरं करकरीत, स्क्रू कधी फिरवलेलाच नाही. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला आणि दुसरं त्या भोकात, दिवा ढिम्म. संध्याकाळच्या सगळ्या भानगडीत मला मीटररूममधून केबल ओढायची होती ती खरं तर यासाठीही. तिथे निदान अर्थिंगची पट्टी होती आणि ती खड्ड्यापर्यंत जाते हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घराला भिंती असतात, कॅरव्हॅन हा रबरी टायरांवर उभा असलेला पत्र्याचा डबा आहे. आतल्या एखाद्या वायरीचं इन्सुलेशन पत्र्याच्या कडेला घासून गेलं आणि अर्थिंग नसेल, तर सगळी बॉडी जिवंत होते. आत बसलेल्यांना काही जाणवत नाही, कारण सगळेच त्याच डब्यात. धक्का बसतो तो एक पाय ओल्या मातीत आणि एक हात दारावर असलेल्याला. अर्थिंग असेल तर आरसीसीबी अशा गळतीला ताबडतोब पडतो. नसेल तर तो तेव्हाच पडतो, जेव्हा गळती माणसातून वाहू लागते. ३० मिलिअँपिअरचा असेल तर बहुधा जीव वाचतो. आणि हाच आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून बायपास केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यांचे मालक ते अभिमानाने सांगतात.

प्लग उपसायला का सांगितलं, त्याचं उत्तरही त्याच सॉकेटमध्ये होतं. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले. घरात आपण सिंगल पोल एमसीबी फेजवर लावतो आणि तो खाली केला की लाईन मेली असं धरून चालतो. गाडी रोज नव्या प्लगला जोडली जाते. एखाद्या ठिकाणी दोन तारा उलट्या असल्या की तोच एमसीबी न्यूट्रल तोडतो, एसी बंद पडतो, पण आत फेज तसाच उभा असतो. म्हणून कॅरव्हॅनच्या बोर्डात डबल पोलच हवा, गाडी बांधणाऱ्याने त्यात काटकसर करू नये.

माझी मुलगी अमेरिकेत ॲरिझोनात असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा भाड्याच्या मोटरहोममधून फिरलो. तिथे प्रत्येक गाडीच्या जागेपाशी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब असतो. त्यात २०, ३० आणि ५० अँपिअरचे वेगवेगळे सॉकेट आणि प्रत्येकाला आपापला ब्रेकर. तिथलं व्होल्टेज १२०, त्यामुळे ३० अँपिअरच्या गाडीला मिळतात ३,६०० वॉट. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की तिथेही पडतो. त्यांचा ब्रेकर पडला की दांडा मध्येच अधांतरी थांबतो; आधी पूर्ण बंद करून मग चालू करावा लागतो, नाहीतर माणूस तो चालूच आहे समजून बाकी सगळं उघडत बसतो. एसी तिथेही बिघडतात, वायरी तिथेही भाजतात. फरक एवढाच की खांबावर आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे तुम्हाला काय मिळणार आहे ते गाडी लावण्याआधी कळतं.

आपल्या सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. उत्तम. पण जागेवर ‘वीज’ म्हणजे काय, हे कोणी तपासतं का? आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ या मालिकेत कॅरव्हॅन पार्कसाठी ७०८ क्रमांकाचा स्वतंत्र भाग आहे, गाडीतल्या वायरिंगसाठी ७२१. त्यातलं सार साधं आहे. प्रत्येक गाडीच्या जागेला किमान १६ अँपिअरचा स्वतःचा सॉकेट, जमिनीपासून अर्धा ते दीड मीटर उंचीवर, पावसाचं पाणी आत जाणार नाही असा. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गाडीची केबल २.५ चौ. मिमीची, पंचवीस मीटरच्या आसपास. यात आपल्या बाजारात न मिळणारी एकही वस्तू नाही. पर्यटन खात्याने ‘वीज व पाणी’ची पाटी लावू देण्याआधी एवढं बघावं आणि सॉकेटच्या वर अँपिअरचा आकडा रंगवायला लावावा. तपासायला माणसं नाहीत असं म्हणू नये. जवळपास प्रत्येक तालुक्यात शासकीय आयटीआय आहे, वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना निदेशकांबरोबर अर्थ टेस्टर देऊन पाठवलं तर त्यांचंही प्रात्यक्षिक होईल.

तो वायरमन, सांगायचं राहिलं, हुशार होता. लग दाबायचं काम त्यानेच माझ्यापेक्षा सफाईने केलं. त्याला बत्तीसचा सुचला, कारण गिऱ्हाईक तेच मागतं आणि पुन्हा तक्रार आली की त्यालाच शिव्या पडतात.

कॅरव्हॅन घेऊन निघणाऱ्यांना एक विनंती. मुक्कामाची जागा ठरवताना आपण समुद्र किती लांब, मासे मिळतील का, हे फोनवर हमखास विचारतो. त्यातच विचारा की प्लग किती अँपिअरचा, अर्थिंग आहे का आणि रात्री आठ वाजता व्होल्टेज किती असतं. ‘सगळी सोय आहे’ असं उत्तर आलं, तर सॉकेटचा आणि मीटररूमच्या बोर्डाचा फोटो मागवा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), कराड